बाहेर दिलेलं काम

१४ मार्च २०२२, सोमवार. दांसोमान, आक्रा, घाना

क्वाये सकाळीच आले. आमचे हिशेबनीस. चर्चमध्ये दानपेटीही तेच उघडतात, त्यामुळे वाईट बातमी सांगतानाही आवाज प्रार्थनेचा. खुर्चीवर रुमाल अंथरला, बसले आणि म्हणाले, "मॅडम, असंच चाललं तर पाऊस संपेपर्यंत पगाराला पैसे राहणार नाहीत."

मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमचं सॉफ्टवेअर 'यायरा' आज साठेक छोट्या दवाखान्यांत आणि प्रसूतिगृहांत चालतं. रुग्णाचं नाव, आजार, औषध, काय चालतं, काय चालत नाही, सगळं त्यात. दवाखाने खूश आहेत, पण पैसे देताना प्रत्येकाची आजी मेलेली असते. वर जनरेटरचं डिझेल. आणि पोरं टिकत नाहीत. गेल्या वर्षी दोघं गेले. एक आता घरी बसून जर्मनांचं काम करतो, दुसरा कुणाचं करतो ते सांगत नाही. त्यांना डॉलर मिळतो, मी इथला सेडी देते. उरलेल्या चौघांना धरून ठेवायचं तर पगार वाढवायला हवेत, आणि वाढवायचे कुठून?

क्वायेंच्या मेव्हण्याची कंपनी व्हिएतनाममधल्या दा नांग शहरातल्या लोकांकडून काम करून घेते. "आपल्या चौघांच्या खर्चाच्या दोन तृतीयांशात तिथे पाच जण," ते म्हणाले. "जागा नको, वीज नको, कुणाचं लग्न नको, कुणाचं मयत नको."

"ते डॉलर मागतील."

"मागतील. पण थोडे. सेडी आहे तिथे राहिला तर फायदाच."

शेजारच्या खोलीत वुम्पिनी फोनवर कुणाला तरी झापत होती आणि बाकी तिघं हसत होते. दुपारी नेहमीसारखं एकाच टेबलावर वाचेचा चवळीभात खाल्ला. वुम्पिनीने माझ्या पानातलं अंडं उचललं, न विचारता. पाच वर्षांची सवय.

तिला अजून काही सांगितलं नाही. आधी ठरू दे.

२८ मार्च, सोमवार

दा नांगशी करार झाला. तिथली प्रमुख दिएप नावाची बाई आहे. मऊ बोलते, सगळं लिहून घेते, मध्ये तोडत नाही. मला आवडली.

वुम्पिनी दारात उभी होती. "आँटी, काही झालंय का? हल्ली दार लावून बोलता."

"बँकेचं आहे गं."

"मदत हवी तर सांगा."

"सांगते," म्हटलं.

१ एप्रिल, शुक्रवार

आज चौघांना सांगितलं, काम दा नांगला जाणार. तारखेकडे माझं लक्षच नव्हतं. एलिकेम मोठ्याने हसला आणि म्हणाला, "आँटी, एप्रिल फूल दुपारी बारापर्यंतच, निदान तोवर तरी थांबायचं, मग खरं वाटलं असतं." बाकीचे दोघंही हसले. वुम्पिनी हसली नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग हळूहळू सगळ्यांचं हसू थांबलं.

तिघांना दोन महिन्यांचा पगार जास्तीचा देते आहे. कायद्याने लागतो त्यापेक्षा अधिक. तिघांनीही हात मिळवला. एलिकेम म्हणाला, देव भलं करो. चांगली पोरं आहेत.

वुम्पिनी मागे थांबली.

"कधी ठरलं?"

"सोमवारी सही केली."

"सोमवारी बँकेचं होतं ना?"

मी म्हटलं, तुला कुठे काढलंय? तू राहायचंच आहेस. त्या लोकांना इथलं समजावून सांगायला कुणीतरी हवं. पगार वाढवून देते.

"कुणाचा? त्या तिघांचा उरलाय त्यातून?"

"टोमणे मारू नकोस, वुम्पी. मी काय हौसेने केलं का? इथे आपण एका घरातल्यासारखे राहिलो."

"घरात निदान जेवायला बसल्यावर सांगतात, आँटी." तिने पिशवी उचलली. "महिनाभर येते. त्यांना जे लागेल ते दाखवते. मग नाही."

मला वाटतं, परदेशी नोकरी तिच्या हातात आधीपासून असणार. नाहीतर एवढ्या शांतपणे कोण जातं? शेवटी पैशाचंच असतं. उद्यापासून तिचा रमजान सुरू होतो. आज तसाही तिचा दिवस चांगला नसेल.

२ मे, सोमवार

ईद. सुट्टी. दरवर्षी वुम्पिनी डबाभर काहीतरी घेऊन यायची, तिच्या आईच्या हातचं, तामालेहून आलेलं. दुपारपर्यंत घरीच थांबले. फाटकाची कडी काढून ठेवली होती. कदाचित ती तामालेला गेली असेल.

रात्रीसाठी भात केला होता, तो दोन दिवस पुरेल.

१२ मे, गुरुवार

आता घडी बसली आहे. सकाळी मी येते तेव्हा दा नांगमध्ये दुपार कलत असते. पडद्यावर पाच चेहरे, पाचही जण वेळेवर. काल काय केलं, आज काय करणार, काय अडलं. दिएप प्रश्न विचारते, मी उत्तर देते. कुणी जांभई देत नाही, कुणी वाद घालत नाही. वर्षभर रखडलेली औषधसाठ्याची अडचण त्यांनी पंधरवड्यात सोडवली. हे कबूल करायला हवं. क्वाये खूश आहेत.

अकराच्या सुमाराला ते घरी जातात. एकेक चौकट विझते. नंतर सगळा दिवस माझा असतो.

कोपऱ्यावर केंकी, मक्याचे उकडलेले उंडे, आणि मासा विकणाऱ्या बाईने आज विचारलं, "एकच? आणि तुमची मंडळी?"

"बाहेरगावी गेलीत," म्हटलं.

"सगळी?"

मासा तिने मोठा दिला.

२० जून, सोमवार

मकोला बाजारात एलिकेमची आई भेटली. तिच्याकडून कळलं, वुम्पिनीला डच कंपनीत काम मिळालं. इथेच आदेन्तामध्ये घरूनच करते. एप्रिलच्या शेवटी अर्ज केला, जूनमध्ये लागली.

म्हणजे आधीपासून नोकरी हातात नव्हती. मग का गेली?

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. ते डच जे करतात तेच मी करते. त्यांना त्यांच्या गावातल्या पोरीपेक्षा वुम्पिनी स्वस्त. मला वुम्पिनीपेक्षा दिएप स्वस्त. दिएपपेक्षाही स्वस्त कुणीतरी असेलच कुठेतरी, आणि तिचा साहेब आज तोच हिशेब मांडत असेल. यात वाईट कोण, ते मला सांगता येत नाही. मी हे क्वायेंना म्हटलं तर ते म्हणाले, "मॅडम, फार एकट्या बसता तुम्ही."

९ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसचा घरमालक आला होता. भाडं डॉलरमध्ये हवं म्हणतो. खालच्या न्हाव्याकडूनही तो डॉलरच मागतो आहे. तासभर वाद घातला.

त्याच गडबडीत दिएपचा फोन. दोन गोष्टी विचारत होती. परवाही विचारल्या होत्या. एक, नवीन रुग्ण घालताना नाव आणि जन्मतारीख आधीच्या कुणाशी जुळली की पडदा आईचं नाव विचारतो. दवाखाने कुरकुरतात, वेळ जातो. हे का ठेवलंय ते कुठे लिहिलेलं नाही. काढायचं का? दुसरं, एकच नाव, एकच जन्मतारीख अशा नोंदी हजारोंनी आहेत. त्या एकत्र करून टाकायच्या का?

"हो, करून टाका," म्हटलं. "कचराच आहे तो."

"दोन्ही, मिस सेनाम?"

"दोन्ही."

घरमालक अर्ध्या भाड्यावर डॉलर आणि अर्ध्यावर सेडी असं मान्य करून गेला. दमले.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

सेडी पडतोच आहे. क्वायेंनी रुमाल अंथरला नाही, तसेच बसले, तेव्हाच कळलं. दा नांगचे डॉलर तेवढेच आहेत, पण ते विकत घ्यायला मार्चपेक्षा कितीतरी जास्त सेडी लागतात. वाचवलेलं सगळं त्यात गेलं.

"तुम्ही म्हणाला होतात फायदा आहे."

"मी म्हणालो होतो, सेडी आहे तिथे राहिला तर."

खरंय, म्हणाले होते. मला फक्त पुढचं ऐकू आलं होतं.

एक गोष्ट मात्र चांगली: दवाखान्यांची कुरकुर थांबली आहे. नोंद पटकन होते म्हणतात.

१७ ऑक्टोबर, सोमवार

झोझ्झेच्या प्रसूतिगृहातून सिस्टर पर्पेच्युआचा फोन आला. ती कधी आवाज चढवत नाही. आजही नाही चढवला.

"सेनाम, तुमच्या यंत्राने माझ्या हातून एक बाई मारली होती जवळजवळ."

अफी डोग्बे. बाळंत होऊन आठवडा झालेला, ताप होता, टाके चिघळलेले. पडद्यावर बघून सिस्टरने पेनिसिलिन टोचलं. काही मिनिटांत बाईचा घसा सुजून बंद झाला, ओठ निळे पडले. सिस्टरच्या हाताशी उताऱ्याचं इंजेक्शन होतं म्हणून श्वास परत आला. जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे. वाचेल म्हणतात.

"तिला पेनिसिलिन चालत नाही हे मीच घातलं होतं दोन वर्षांपूर्वी," सिस्टर म्हणाली. "आज ते तिथे नाही. आज तिथे दुसऱ्याच अफी डोग्बेची माहिती आहे."

दोन्ही अफी. दोघी शुक्रवारी जन्मलेल्या, म्हणून अफी. दोघींना जन्मतारीख माहीत नाही, म्हणून कारकुनाने अंदाजाने घातलेली एकाच सालची एक जानेवारी. दोन बायकांची एक बाई झाली. जी नोंद नवी ती राहिली, जुनी तिच्यात विरघळली.

मी लग्नाआधी सहा वर्षं हो गावच्या सरकारी दवाखान्यात कार्डांच्या खिडकीत बसले आहे. निम्मा जिल्हा एक जानेवारीला जन्मलेला असतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

दा नांगमधले लोक घरी गेले होते. यादी काढली आणि प्रत्येक दवाखान्याला स्वतः फोन केला. पडद्यावर विश्वास ठेवू नका, कागदाची कार्डं काढा, औषध देण्याआधी रुग्णाला विचारा. काहींनी कार्डं जाळून टाकली होती. "तुम्हीच म्हणालात, आता गरज नाही," एक जण म्हणाला. माझा आवाज बसला आहे.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

दिएपवर ओरडले. पाचही जणांसमोर. काय बोलले ते लिहीत नाही. तुम्हाला माणसं कळत नाहीत, असं काहीतरी. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आम्ही विचारलं होतं, मिस सेनाम. दोनदा विचारलं. तुमच्याकडे लोकांची नावं कशी ठेवतात, आम्हाला माहीत नव्हतं. म्हणूनच विचारलं होतं."

तिच्या शेजारच्या चौकटीतला मुलगा खाली बघत होता.

मी म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं.

"इथे नसतं," ती म्हणाली.

२० ऑक्टोबर, गुरुवार

मोडलेलं जोडायचं तर आधीचं ज्याने बांधलं तोच हवा. आदेन्ताला गेले. त्रोत्रोत, त्या खासगी मिनीबसमध्ये, एवढी गर्दी की उतरताना चप्पल आत राहिली, कुणीतरी खिडकीतून फेकली.

वुम्पिनीने दार उघडलं, कानात इअरफोन. हाताने खूण केली, मीटिंग चालू आहे, बसा. पाण्याचा पेला ठेवून आत गेली. मी ओसरीवर बसले. आतून तिचा आवाज येत होता. 'हो, समजलं.' 'नक्की करते.' 'माझ्याकडून काही अडचण नाही.' मी तिचा असा मऊ आवाज कधी ऐकला नव्हता. माझ्याशी ती भांडायची. म्हणायची, आँटी, हे चुकतंय, मी नाही करणार. आतल्या बाईला मी ओळखलंच नाही. वाटलं, दिएप बोलते आहे.

बाहेर आली तेव्हा तिला सगळं सांगितलं.

"आईचं नाव विचारायचं काढलंत?"

"ते कशासाठी आहे हे तू कुठे लिहून ठेवलं नव्हतंस."

"कुणासाठी लिहायचं? तुम्हीच मला सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. त्या खिडकीत एकदा चार अफी एकदम उभ्या राहिल्या आणि तुम्ही म्हणालात, आईचं नाव सांगा." मग म्हणाली, "ती बाई कशी आहे?"

"वाचली."

"शनिवार-रविवार देते. पैसे नकोत."

"पैसे का नकोत?"

"घेतले तर म्हणाल, पैशासाठी आली."

निघताना मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून गेले होते तरी. परत येतेस का?

"नाही, आँटी."

"ते जास्त देतात, मला माहीत आहे. मी काहीतरी जमवेन."

तिने माझा रिकामा पेला उचलला. "ते लोक मला जेवलीस का म्हणून विचारत नाहीत. पण मुलगीही म्हणत नाहीत. एक दिवस काढतील, ते मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. बरं असतं तसं." मग म्हणाली, "मार्चमध्ये तुम्ही आम्हाला बसवून सांगितलं असतं ना, की पैसे संपताहेत, तर आम्ही चौघांनी पगार कमी करून घेतला असता. एलिकेमने स्वतः म्हटलं होतं, नंतर."

मी विचार करत घरी आले. कमी पगारावर ती किती दिवस राहिली असती? डॉलर सगळ्यांनाच दिसतो. तरी पाच वर्षं राहिली होती, तेही खरं.

२३ ऑक्टोबर, रविवार

वुम्पिनी कालपासून ऑफिसात होती. दा नांगकडून दिएपही सुट्टी असून बसली. ऑगस्टच्या आधीची एक प्रत जपून ठेवलेली सापडली, दिएपच्या माणसांनी न सांगता ठेवली होती. तिच्यावरून एकेक माणूस वेगळं काढायचं. जिथे शंका तिथे मी दवाखान्याला फोन करायचा. माझं काम तेवढंच. मधल्या वेळात पाव, चहा, पंख्याची दिशा.

दोघी कामाशिवायचं पहिल्यांदा बोलत होत्या. दुपारी दोघी खो खो हसायला लागल्या. मी आत गेले तर थांबल्या, आदराने.

"काय झालं?"

"काही नाही, आँटी. तिचा मुलगा मागून येऊन काहीतरी दाबून गेला. दोन वर्षांचा आहे. अगदी शहाणा."

सात महिने मी रोज सकाळी दिएपशी बोलते. तिला मुलगा आहे हे मला माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं. तिचं घर कुठे आहे, किती खोल्या आहेत, सासू आहे का, काहीच नाही. वुम्पिनीला एका दुपारीत सगळं कळलं. मी पडद्याकडे बघून म्हटलं, "मंगळवारी मी जे बोलले, ते मी बोलायला नको होतं." दिएप म्हणाली, "ठीक आहे, मिस सेनाम." अगदी मऊ आवाजात. ती मला माफ करते आहे की ग्राहकाला उत्तर देते आहे, कळायला मार्ग नाही.

संध्याकाळी काम झालं. वुम्पिनीने मला मिठी मारली आणि गेली. जिन्यावरून तिची पावलं खालपर्यंत ऐकली.

२९ ऑक्टोबर, शनिवार

झोझ्झेला जाऊन आले. सिस्टर पर्पेच्युआ बरोबर आली, पण अफीच्या अंगणाच्या बाहेरच थांबली. "हे तुझं आहे," म्हणाली.

बाकावर बसवलं, पाणी दिलं, मी प्यायले. मग अफीची सासू पाहुण्याला विचारायच्या रीतीने म्हणाली, "इथे सगळं बरं आहे. वाट चालून तुम्ही आलात, बातमी तुमच्याकडे. कशाला आलात?"

मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही डॉक्टर?"

"नाही."

"नर्स?"

"नाही. दवाखान्यात ज्या यंत्रात नाव लिहितात, ते माझं."

"नाव लिहिणारी बाई."

"हो."

"आक्रात एवढं शिकून नाव लिहिता येत नाही?"

मी म्हटलं, चूक माझी आहे, सिस्टरची नाही, परदेशातल्या माणसांची नाही. मला विचारलं होतं आणि मी न बघता हो म्हटलं. माफी मागायला आले आहे. जिल्ह्याच्या दवाखान्याचा खर्च मी भरला आहे, पण त्याने हे फिटत नाही हे मला कळतं. म्हातारीच्या मांडीवर बाळ होतं. आईचं दूध आटलं, आता तिची जाऊ त्याला पाजते.

अफी भिंतीला टेकून बसली होती. माझ्या अर्ध्या वयाची. आवाज अजून खरखरीत.

"दुसरीला काय झालं?" तिने विचारलं.

मला कळलं नाही.

"दुसरी अफी डोग्बे. एही गावची. बाजारात टोमॅटो विकते. माझं तिच्यात गेलं, तर तिचं कुठे गेलं? तिला काही चुकीचं दिलं नाही ना?"

बारा दिवस मी दवाखान्यांना फोन केले, करार वाचला, वकिलाला विचारलं, दिएपवर ओरडले. दुसऱ्या अफीचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. तिची नोंद परत वेगळी झाली, एवढंच बघितलं होतं. ती बाई आहे हे डोक्यात आलं नाही.

सिस्टरला घेऊन तसंच एहीला गेले. टोमॅटोवाली अफी उंच, दणकट, हसरी. ऑगस्टनंतर एकदाच, सप्टेंबरमध्ये, दवाखान्यात गेली होती, हिवतापाच्या गोळ्या घेऊन आली, बरी झाली. तिला काहीही माहीत नव्हतं. सांगितल्यावर म्हणाली, "अरे देवा, ती झोझ्झेची बारकी? जगली ना?" आणि पिशवीभर टोमॅटो तिच्यासाठी दिले. मग माझ्याकडे बघून अजून एक पिशवी भरली. मी नको म्हटलं. "घ्या हो, इतक्या लांब एकट्या आलात," म्हणाली.

परतताना सोगाकोपेच्या पुलापर्यंत मी रडत होते. का, ते नीट सांगता येणार नाही.

१२ नोव्हेंबर, शनिवार

क्वायेंबरोबर सगळा हिशेब मांडला. आजच्या भावाने दा नांगचे पाच जण मार्चमधल्या आमच्या चौघांपेक्षा महाग पडतात. पण आज ते चौघंही मार्चच्या पगारावर येणार नाहीत. म्हणजे बाहेर दिलं तरी पुरत नाही, घरी ठेवलं तरी पुरत नाही. क्वाये म्हणाले, अशा वेळी प्रार्थना करावी. मी म्हटलं, करा तुम्ही, मी जागा सोडते.

ठरलं ते असं. दांसोमानची जागा सोडायची, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसायचं. दा नांगमध्ये दिएप आणि अजून एक, दोघंच ठेवायचे. काम चांगलं करतात, आणि विचारतात. इथे एक माणूस घ्यायचं. दवाखान्यांत जाऊन बसेल, तिथे काय चालतं ते बघेल, दिएपला सांगेल, आणि दिएपने काय विचारलं ते मला धरून बसवून ऐकवेल.

दा नांगच्या तिघांना हे सांगण्याआधी दिएपला फोन केला. जानेवारीपासून जमणार नाही, आत्ताच सांगते आहे, म्हटलं. तिने तारीख लिहून घेतली. मग म्हणाली, "त्यातल्या एकाचं लग्न आहे, मिस सेनाम. बरं झालं आधी कळलं."

त्याचं नाव विचारलं. क्वांग.

१ डिसेंबर, गुरुवार

वुम्पिनीने एक मुलगी पाठवली. डेलाली, हो गावची, केस अगदी बारीक कापलेले. ऑफिसचं सामान अर्धं बांधलेलं होतं, खुर्च्या एकावर एक. तिला खोक्यावर बसावं लागलं. काम येतं का ते बघितलं. येतं, चांगलं येतं. मग मी विचारलं, तुला काही विचारायचं आहे का?

"वुम्पिनी म्हणाली, तुम्ही तिघांना एका दिवसात काढलंत."

"हो."

"परत पैसे कमी पडले तर मला काढाल?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. "कदाचित," म्हटलं. "पण तसं डोक्यात येईल त्याच दिवशी तुला सांगेन. सही झाल्यावर नाही."

तिने मान डोलवली, जणू मोजमाप बरोबर निघालं. "मग मीही सांगते. मलाही बाहेरच्या लोकांचे फोन येतात. डॉलरवाल्यांचे. जायचं झालं तर आधी तुम्हाला कळेल. कुठल्या तरी बाजारात कुणाच्या आईकडून कळणार नाही."

हेही वुम्पिनीने सांगितलेलं दिसतं. तिच्यापर्यंत ते कसं पोचलं कोण जाणे.

"किती दिवस राहशील असं वाटतं?"

"खरं सांगू?"

"सांग."

"वर्षभर. फार तर दीड."

मागे मी अशा उत्तरावर मुलाखत तिथेच संपवली असती. वर्षभरात ती सगळं शिकेल, दवाखाने तिला नावाने ओळखायला लागतील, आणि मग कुठल्या तरी उत्तरेकडच्या थंड देशासाठी मऊ आवाजात बोलायला लागेल. मी पुन्हा एकटी.

"चालेल," म्हटलं.

हमाल आला नव्हता. मोठं टेबल खाली न्यायचं होतं. तिने न विचारता एक बाजू उचलली, मी दुसरी. जिन्याच्या वळणावर टेबल अडकलं. ती म्हणाली, "तुम्ही ढकलताय, आँटी. जरा थांबा, मी सांगते तसं करा." मी थांबले. ती सांगत गेली, मी करत गेले, आणि ते सुटलं.

सोमवारपासून येते आहे.